साळुबाईनं बाज उसवली

आमच्या महाळुंगे पडवळात उसात बिबट्या बसला, तर त्यानं जांभई द्यायच्या आत त्याचा फोटो अख्ख्या तालुक्याच्या मोबाईलवर पोचलेला असतो. कुणाची शेळी गेली, कुणाचं कुत्रं गेलं, कोण घाबरून मोटारसायकल टाकून पळालं, सगळं कळतं. सांगणाऱ्याची छाती अशी फुगलेली असते, जणू बिबट्या त्याच्याच घरी जेवायला आला होता. पण त्याच माणसाच्या घरात ढेकूण निघू द्या, त्याची वाचाच बसते. बिबट्या दाराशी आला तर मान वाढतो आणि ढेकूण अंथरुणात आला तर अब्रू जाते, असा आमच्याकडचा हिशेब.

अर्थात न सांगितलं म्हणून लपतं थोडंच? सगळं गाव रानात असताना ज्या घरातली गादी भर दुपारी गुपचूप गच्चीवर चढते, त्या घरात काय निघालंय हे मला ओट्यावर बसून कळतं. विचारलं तर म्हणतात, "काय न्हाई भाऊ, जरा ऊन दाखवतो." बरं! गादीला ऊन दाखवायचंय, तर इकडंतिकडं बघत जिना का चढता, राव?

तर अशा गावात एका बाईनं भर आळीत, चार बायकांच्या देखत ओरडून सांगितलं, की माझ्या घरात ढेकूण झालेत. ती साळुबाई. माझ्या चुलतभावाची, भगवंताची बायको. तिचं घर माझ्या ओट्याच्या बरोबर समोर, त्यामुळं पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते कानांनी ऐकलं. साळुबाईच्या बाबतीत कानच जास्त उपयोगी पडतात.

तिचं माहेर अवसरी बुद्रुकचं. लग्नाच्या वरातीत ती आपल्याशी काहीतरी हळूच बोलली, असं भगवंत सांगतो; पण वाजंत्री चालू होती, त्यामुळं काय बोलली ते त्यालाही ऐकू आलं नाही. त्यानंतर ती हळू बोलल्याचं गावात कुणालाही आठवत नाही. विहिरीवरून तिनं भगवंताला हाक मारली, की फाट्यावर उभ्या एसटीचा ड्रायव्हर मागं वळून बघतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवताना व्यापाऱ्यानं वजनात जरा चुळबुळ केली, तर शेजारचे दोन व्यापारी आपले काटे सरळ करतात. मनाची मात्र मोकळी. भावकीत कुणाचंही बाळंतपण असो, साळुबाई तेलाची वाटी घेऊन हजर. बाळाला पायावर घेऊन चोळायला लागली, की बाळ रडतंय का तीच गातेय ते कळत नाही.

आणि ह्या सगळ्या बाळंतपणांची मालकीण होती तिच्या घरची बाज.

ही बाज आमच्या आज्यानं करून घेतलेली. बाभळीच्या लाकडाची, बुटकी, रुंद, सुंभानं विणलेली. मी तिच्यावरच पहिलं टॅहँ केलं, भगवंतानंही तिच्यावरच केलं. भावकीतली बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की बाज तिच्या घरी जायची. खाली शेगडी, वर शेक, ओव्याची धुरी. सव्वा महिना सरला की बाज परत यायची, ती कधी रिकामी नाही. तिच्यावर नारळ, खण आणि ओंजळभर गहू. साळुबाई तिला हळदकुंकू लावायची आणि माजघरात भिंतीशी उभी करून ठेवायची, पुढच्या बाळंतिणीपर्यंत.

नियम एकच, पण कडक. बाजेची वीण उसवायची नाही. सुंभ कुठं तुटलं, तर त्यावरच नवं गुंडाळायचं. पोरं जगली-वाढली ती ह्या विणीच्या पुण्याईनं, असं आमच्या बायकांचं ठाम मत. त्यामुळं सुंभावर सुंभ, सुंभावर सुंभ चढत बाजेला सुगरणीच्या खोप्यासारखी जाडी आली होती. बसलं की बाज कुरकुरायची. आम्ही म्हणायचो, बाज आशीर्वाद देतेय.

साळुबाईची लेक अक्षदा वारूळवाडीला दिलेली. तिची सासू शीलाबाई. ह्या बाईच्या घरात कपाखाली बशी असते आणि बशीखाली रुमाल. फरशी अशी पुसलेली, की पाहुणा पाय ठेवायच्या आधी स्वतःचे तळवे बघतो. अक्षदाला दिवस गेले, तेव्हाच शीलाबाईनं हळूच बोलून ठेवलं होतं.

"विहीणबाई, बाळंतपण आमच्याकडंच करू या का? नारायणगावचा दवाखाना अगदी हाकेच्या अंतरावर आहे."

साळुबाई म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी. माझी बाज काय सरपणाला ठेवलीय व्हय?"

शीलाबाई गप्प बसली. पण अशा बाया गप्प बसतात तेव्हा विषय संपलेला नसतो, फक्त घडी करून कपाटात ठेवलेला असतो.

सातवा संपता संपता शीलाबाई स्वतः लेकीसारख्या सुनेला माहेरी सोडायला आली. चैत्रातलं ऊन. जेवणं झाली, डोळ्यांवर झापड आली, तशी साळुबाईनं मोठ्या कौतुकानं बाज आडवी केली. "पडा जरा, विहीणबाई. नातवाच्या आधी आजीनं बाजेचं पुण्य घ्यावं." शीलाबाईनं आपली निळी बॅग उशाला घेतली आणि चांगली घोरली. संध्याकाळी गाडीत बसून गेली.

पुढं थोड्याच दिवसांत अक्षदाच्या दंडावर लाल गांधी उठायला लागल्या. एकाखाली एक, ओळीनं.

"मच्छर असंल," साळुबाई म्हणाली.

"मच्छर काय रांग लावून चावतो व्हय?" भगवंत म्हणाला. "रेशनच्या दुकानात उभा हाये का त्यो?"

साळुबाईनं गादी उलटी केली. शिवणीच्या कडेनं काळे ठिपके, जणू कुणी शाईचं पेन झटकलंय. तिनं शिवणीची घडी बोटानं फाकवली, तर आत मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस एक जण उजेडाला वैतागून चालायला लागला. मागं त्याची मुलंबाळं.

साळुबाईचा जीव कशात अडकला, तर विहीणबाईत. हे वारूळवाडीला कळलं की गाडी येणार आणि पोरगी जाणार. भावकीतल्या सगळ्यांच्या लेकीसुनांची बाळंतपणं केली आणि स्वतःच्या लेकीचं पहिलं बाळंतपण विहिणीच्या फरशीवर! तिनं तिथंच ठरवलं, की ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही. आणि हे तिनं इतक्या मोठ्यानं ठरवलं, की मला ओट्यावर ऐकू आलं.

"आवं, कुणाला कळता कामा न्हाई!"

मी मनातच म्हटलं, न्हाई कळणार.

भगवंताकडं उपाय तयार होता. त्यानं कोपऱ्यातला फवारणीचा पंप पाठीला लावला. "टोमॅटोवरची अळी जाते, ढेकूण काय तिच्यापेक्षा मोठा लागून गेला?"

"खाली ठिवा त्यो पंप!" साळुबाई कडाडली. "रानात मारताना तोंडाला फडकं बांधून वाऱ्याकडं पाठ करून मारता, आन् इथं बंद खोलीत, पोटुशी पोर निजती तिथं इख मारता? डोस्कं ठिकाणावर हाये का?"

भगवंतानं पंप खाली ठेवला. भगवंत बायकोसमोर पंप नेहमीच खाली ठेवतो. पाठ फिरली की काय करतो हे पुढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी साळुबाई एसटीनं मंचरला गेली, पोपटलाल शेठच्या दुकानात. हे घराणं मूळचं राजस्थानातलं, पण त्यांच्या आज्यापासून मंचरच्या पेठेत. आमच्या अर्ध्या तालुक्याचा किराणा आणि आमच्या अर्ध्या तालुक्याच्या बातम्या तिथूनच जातात. जैन माणसं, मुंगी दिसली तर पाय उचलून टाकणारी. हे साळुबाईला ठाऊक होतं, पण विश्वासाचं दुसरं दुकान नव्हतं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभं राहून ती म्हणाली,

"शेठ, ढेकणाचं औषध हाये का?"

साखर मोजून घेणारी बाई एक पाऊल मागं सरकली. तिच्या मागचा माणूस तर पायरीच उतरला.

"साळुबाई, हळू बोला!" पोपटलाल शेठ कासावीस झाले. "गिऱ्हाईक पळतंय माझं! आन् मारायचं काय आमच्याकडं मिळत न्हाई, तुमाला म्हाईत न्हाई का? आत जा बरं. आत बसून बोला."

आत शेठाणी, झमकूबाई, पापड वाळत घालत होत्या. त्यांनी साळुबाईला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या.

"आमच्यात मारायचं न्हाई. म्हणून तर आमाला ते येऊच द्यायचे नसतात. तुमी मारणारे, तुमचं बरंय. तुमी आळस करता."

"करता काय पर तुमी?"

"काय जादू न्हाई गं. पलंग भिंतीपासून सुटा. चादर जमिनीला लोळू द्यायची न्हाई. पलंगाच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत बोट जाईल एवढी फट ठेवायची न्हाई, पांढरं सिमेंट भरायचं. गाद्या उन्हात. पावणा आला, देव माणूस असला तरी त्याची बॅग आधी गॅलरीत, उन्हात. जुनं फर्निचर कुणी फुकट दिलं तरी बघितल्याबिगर उंबऱ्याच्या आत न्हाई."

"आन् आत आलेच असतील तर?"

"तर मग तुझं तू बघ बाई, मी कान झाकून घेते." झमकूबाईंनी खरंच कानांवर हात ठेवले. मग एक हात काढून म्हणाल्या, "पर एक सांग. ते उडत न्हाईत. कशात तरी बसून येतात. घरात नवं काय आलंय?"

"काय बी न्हाई."

"बरं, मग घरातलं जुनं काय बाहीर जाऊन परत आलंय का?"

"काय बी न्हाई," साळुबाई बोलली. ती खोटं बोलली नाही. देवघरातल्या देवाला कुणी सामान म्हणतं का? बाज तिच्या ध्यानातच आली नाही.

इकडं तिची पाठ फिरल्याबरोबर भगवंतानं अक्षदाला आमच्याकडं आणून बसवलं आणि मागच्या खोलीत पंप मारला. वास असा सुटला, की मांजरानं घर सोडलं. साळुबाई मंचरहून आली ती फाट्यावरच नाक धरून. मग भगवंताचं काय झालं ते मी सगळं ऐकलं, पण छापण्यासारखं त्यात थोडंच होतं. खोली कित्येक दिवस उघडी टाकून सताड वारा द्यावा लागला, तोवर अक्षदा आमच्याकडंच निजली. आणि ढेकूण? थोडे मेले. बाकीच्यांनी भिंतीच्या भेगेतून बिऱ्हाड हलवलं.

भिंतीपलीकडं राहते झुंबरबाई, साळुबाईची धाकटी जाऊ. दोघींची भिंत एक, चूल वेगळी. झुंबरबाई कंबरेवर हात ठेवून दारात आली.

"आक्का, तुमच्याकडनं आमच्याकडं पावणं आलंत. जेवायला वाढू का पानसुपारी देऊन लावू?"

"तुझ्याकडंच आधी असतील!"

"माझ्याकडं? माझं घर बघा, आरसा हाये आरसा!"

त्या भांडणाचा मी आवर्जून पूर्ण लाभ घेतला. झुंबरबाईनं नंतर ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त एका बहिणीला फोन केला. बहीण वारूळवाडीला राहते.

संध्याकाळी शीलाबाईचा फोन. साळुबाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलते. खरं तर फोनची तिला गरजच नाही.

"विहीणबाई, मी काय ऐकतेय? आमच्या घरात असलं कधी नाही हो. अक्षदाला न्यायला येत्या रविवारी गाडी पाठवते. राग मानू नका."

ओट्यावर मी चहाची बशी तशीच धरून बसलो. आळीतल्या बायका आपापल्या दारात आल्या होत्या. आता साळुबाई नाकारणार, शपथा घेणार, झुंबरबाईवर ढकलणार, असं सगळ्यांना वाटलं. साळुबाईनं पदर खोचला.

"व्हय, झालेत ढेकूण माझ्या घरात," ती म्हणाली, आळीच्या त्या टोकापर्यंत. "चोरी न्हाई केली मी. आता ऐका. गाडी धाडू नका, तुमीच या. मुक्कामाला या. ज्या खोलीत पोरगी निजणार त्याच खोलीत तुमी निजा. सकाळी एक गांधी दिसली अंगावर, तर मीच पोरीची पिशवी भरून तुमच्या गाडीत ठिवते. न्हाई दिसली, तर बाळंतपण माझ्या घरी. बोला!"

मग शीलाबाई म्हणाली, "बरं. येते रविवारी."

झुंबरबाईनं आपलं दार लावून घेतलं.

त्यानंतर साळुबाई जी कामाला लागली, ती बघायला मी ओटा सोडला नाही. घरातला कपडा न कपडा चुलाणावरच्या उकळत्या पाण्यातून काढला. टोमॅटोच्या वाफ्यांवर अंथरायचा काळा मल्चिंग पेपर भगवंतानं शेडमध्ये ठेवला होता, तो तिनं ओढून आणला. गाद्या, उशा, गोधड्या त्यात घट्ट गुंडाळल्या, तोंडं सुतळीनं आवळली आणि वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर टाकल्या. रोज दुपारी फिरवून दुसरी बाजू वर. हात लावला तर चटका बसायचा.

"भावजी, बघताय काय?" तिनं पत्र्यावरून मला हाक मारली. "मल्चिंगखाली तण जगत न्हाई, हे कसं जगतील?"

लाकडी पलंगाचे सांधे खोलून उकळतं पाणी ओतलं. भिंतीतल्या भेगा पांढऱ्या सिमेंटनं भरल्या. भगवंताला शिडीवर चढवलं आणि खालून थापी कशी धरायची ते शिकवलं. भगवंतानं आयुष्यात अर्धी विहीर बांधलेली आहे, पण त्यानं ती सांगेल तशीच थापी धरली. पंपाचं प्रकरण ताजं होतं.

शुक्रवारी घर असं झालं, की झमकूबाईंनीसुद्धा चप्पल बाहेर काढली असती. अक्षदा परत आली. शनिवारी सकाळी ती माजघरात केस विंचरत बसली होती. तिनं हाक मारली,

"आई, इकडं ये."

नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, ऐन उजेडात, एक ढेकूण चालला होता. कुणाच्या बापाला भीत नव्हता. अक्षदानं बोटानं दाखवलं तो कुठून आला ते. भिंतीशी उभी, कपाळाला हळदकुंकू, अशी बाज.

"आई," अक्षदा म्हणाली, "तेवढी बाज राहिली."

आता साळुबाईला शेठाणीचा प्रश्न आठवला. जुनं काय बाहेर जाऊन परत आलंय? बाज गेल्या खेपेला झुंबरबाईच्या सुनेच्या बाळंतपणाला गेली होती. त्याच्या आधी वरच्या आळीला. त्याच्या आधी मळ्यात. प्रत्येक घरी मानानं गेली, मानानं आली, आणि विणीच्या त्या खोप्यात बसून कोण कोण तिच्याबरोबर फिरून आलं हे कुणी बघितलं नव्हतं. कसं बघणार? उसवायचीच नव्हती ना!

भगवंत कुजबुजला, "मागल्या दारानं माझ्या आत्याकडं पाठवू का? विहीण जाईस्तवर?"

"म्हंजी आत्याच्या घरात सोडायचे?"

"मग काय उसवतीस? पोरीचं बाळंतपण तोंडावर आन् तू वीण उसवती?"

भांडण मिटलेलं नव्हतं, तरी झुंबरबाई भिंतीवरून डोकावलीच. "आक्का, असलं अभद्र करू नका. माझा नातू ह्याच बाजेवर बाळसं धरून हाये."

साळुबाई बाजेकडं बघत उभी राहिली. खरं सांगतो, तेवढा वेळ आमच्या आळीत कोंबडीचा आवाज ऐकू आला. एरवी येत नाही. भीती तिलाही होती. सासूनं तिच्या हातात बाज देताना वीण सांभाळ म्हणून सांगितलं होतं, आणि आत खोलीत लेक पोटावर हात ठेवून बसली होती. मग ती अंगणात बाज ओढत घेऊन आली.

"झुंबरे," ती म्हणाली, "तुझ्या नातवानं सुंभामुळं न्हाई बाळसं धरलं. ह्या हातांनी रोज तेल चोळलंय त्याला. पुण्य हातात व्हतं, दोरीत न्हाई."

आणि कोयता घातला.

पहिल्या फटक्याला सुंभ तुटलं आणि विणीतून तीळ सांडावेत तसे ढेकूण सांडले. झुंबरबाई मागं सरकली, ती तिच्या अंगणातल्या कुंडीवर बसली. भगवंतानं चुलाणावरचा हंडा उचलला. सांगावं लागलं नाही, बऱ्याच दिवसांत त्यानं पहिल्यांदा बरोबर काम केलं. बाजेच्या पायांना जिथं दांडे बसतात, त्या भोकांत उकळतं पाणी गेलं, पुन्हा गेलं, पुन्हा गेलं. उसवलेल्या सुंभाची होळी झाली. आज्यापासूनची वीण जळताना मला वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. आतून काय काय बाहेर पडलं ते बघितल्यावर मात्र मी माझ्या पाठीला हात लावून बघितला. आम्ही आशीर्वाद म्हणत होतो, तो आशीर्वाद चावत होता!

साळुबाई अंगणाच्या दाराशी आली आणि सगळ्या आळीला म्हणाली, "ऐका गं बायांनो! ज्यांच्या ज्यांच्या घरी ही बाज जाऊन आली, त्यांनी आपापल्या गाद्या उलट्या करून बघा. कुठनं सुरू झालं त्ये मला इचारायचं न्हाई. माझी बाज गेली व्हती, मीच येते हंडा घेऊन. मल्चिंग पेपर लई हाये आमच्याकडं."

मग झुंबरबाईच पुढं आली. "आक्का," ती मान खाली घालून म्हणाली, "आमच्याकडं सुनेच्या बाळंतपणातच व्हतं. सुनेच्या माहेरच्या गोधडीत आलं असंल. मी बोलले न्हाई."

"आता बोललीस ना? आण गादी."

दुपारपर्यंत आळीतल्या पत्र्यांवर काळी गाठोडी चढली. मग मळ्यातून फोन आला, मग वरच्या आळीतून. आणि काय सांगू, लोकांनी फोटो टाकले! गाद्यांची गाठोडी, शेजारी अंगठा दाखवणारा मालक. ढेकूण अखेर बिबट्याच्या रांगेला बसला.

भगवंतानं त्याच संध्याकाळी नारायणगावहून पांढरी नवार आणली. नवारीची सुती पट्टी सोडून धुता येते, उकळता येते. रात्रीच्या आत बाज पुन्हा उभी राहिली, कात टाकलेल्या सापासारखी कोरी. भिंतीपासून सुटी. चारी पाय पाण्याच्या वाट्यांत.

रविवारी शीलाबाई आली. पांढरी कडक साडी, हातात निळी बॅग. साळुबाईनं तिला अंगणातच थांबवलं. माझ्या ओट्याला लागून, भर उन्हात भगवंताचं पांढरं धोतर अंथरलं होतं.

"बॅग इथं ठिवा, विहीणबाई."

"म्हणजे?" शीलाबाईच्या भुवया केसांत गेल्या. "ढेकूण तुमच्या घरात आणि झडती माझ्या बॅगेची?"

"झडती न्हाई, ऊन. आता माझ्या घरात कुणाची बी बॅग आधी उन्हात बसती. परवा माझा सख्खा भाऊ आला अवसरीवरनं, त्याचं पायताणसुदिक बसवलं."

आळी बघत होती. शीलाबाईनं बॅग धोतरावर आपटली आणि ओट्याच्या कडेला बसून चहा घेतला. चांगला तासभर ऊन तापलं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून होतो. वाचत नव्हतो, हे सांगायला नको.

साळुबाई रिकामे कप उचलायला वाकली आणि थबकली. तिची नजर धोतरावर. मी पेपर खाली केला. निळ्या बॅगेच्या तळच्या शिवणीतून एक तांबूस ठिपका निघाला होता आणि पांढऱ्या धोतरावरून सावली शोधत सुटला होता.

मला आठवलं, ही बॅग उशाला घेऊन ती कुठं घोरली होती.

साळुबाईनं तोंड उघडलं. मी कानांवर हात न्यायच्या तयारीत. झुंबरबाई दारात, समोरच्या दोघी खिडकीत. हिशेब चुकता करायची एवढी सोन्यासारखी संधी! ती ओरडली असती, तर नारायणगावापर्यंत ऐकू गेलं असतं आणि शीलाबाईनं जन्मात पुन्हा बाळंतपणाचा विषय काढला नसता.

साळुबाईनं कपबशी ठेवल्यासारखं करून पायानं तो ठिपका चिरडला, विहिणीच्या शेजारी बसली, आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली.

हळू.

मी, हातभर अंतरावर बसलेला माणूस, मला एक शब्द ऐकू आला नाही! पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हळू बोलता येतं आणि ती ते इतकी वर्षं लपवून ठेवते, ह्याला काय म्हणावं? शीलाबाईचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तिनं घाईनं धोतराकडं बघितलं, साळुबाईकडं बघितलं, आणि मग तिचा हात घट्ट धरला. नंतर बॅग मल्चिंग पेपरात बांधून पत्र्यावर गेली आणि शीलाबाईला साळुबाईनं आपली साडी नेसायला दिली. कुणी विचारलं तर सांगायचं, चहा सांडला.

शीलाबाई बोलल्याप्रमाणं मुक्कामाला राहिली. सकाळी अंगणात तोंड धुताना बाह्या वर सारून तिनं दोन्ही दंड नीट बघितले, मान वळवून पाठीचंही अक्षदाला बघायला लावलं. काही नव्हतं.

"विहीणबाई," ती आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, तिचा आवाज एवढा मोठा होऊ शकतो हेही मला नवीनच, "अक्षदा इथंच राहू द्या. मी बारशालाच येते."

जाताना गाडीच्या डिकीत भगवंतानं मल्चिंग पेपरची अख्खी गुंडाळी ठेवली. मला राहवेना.

"शीलाबाई, टोमॅटो लावताय वाटतं?"

"हो," ती म्हणाली.

"बंगल्यात जागा कुठंय? गच्चीवर?"

"भाऊ, तुम्ही पेपर वाचा," असं म्हणून तिनं काच वर केली.

ज्येष्ठात अक्षदाला मुलगी झाली. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, बाजेवर पडली, खाली शेगडी पेटली. नवार कुरकुरत नाही, एवढंच जरा चुकल्यासारखं होतं. पोरीचा आवाज आजीवर गेलाय. ती रडली की माझ्या चहात लाटा उठतात.

आता बाज मळ्यातल्या एका सुनेकडं जायची आहे. साळुबाईनं निरोप धाडलाय: नारळ नको, खण नको, नवार सोडून उकळून आणा आणि दांडे उन्हात घालून आणा. गहू दिले तर नाही म्हणणार नाही.

त्या दिवशी विहिणीच्या कानात काय सांगितलंस, हे मी तिला बाळाच्या बारशात विचारलं, चिवड्याची बशी हातात असताना विचारलं, परवा पुन्हा विचारलं. ती पत्र्यावर गादी फिरवत होती.

"काय न्हाई भावजी!" ती ओरडली, आणि फाट्यावरच्या एसटीच्या ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं.